उलटा बसवलेला कॅमेरा

पद्मजाबाईंनी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करून घेण्यास नकार दिला, आणि तो नकार मागे घ्यायला लावू शकेल अशी एकच व्यक्ती जगात होती. ती व्यक्ती रायपूरच्या तात्यापारा मोहल्ल्यात, डावा पाय प्लास्टरमध्ये घालून, पलंगावर पडून होती.

पद्मजाबाई वर्ध्याला भावाकडे, दत्तोपंतांकडे, राहत. अगदी लहानपणी आलेल्या एका तापाने त्यांचे ऐकणे गेले आणि त्याच तापाने एका डोळ्याची दृष्टीही जवळजवळ नेली. उरलेल्या एका डोळ्यावर त्यांनी आजवरचे सगळे आयुष्य पाहिले होते आणि आता त्याच डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता. नागपूरचे डॉक्टर महिन्यातून एकदा वर्ध्याला येत. येत्या सोमवारी सकाळी ते शस्त्रक्रिया करणार होते, आणि यापुढे थांबणे बरे नाही असे त्यांनी स्वच्छ सांगितले होते. शस्त्रक्रिया लहानशी, पण तिच्यानंतर रात्रभर डोळ्यावर पट्टी राहणार. ज्या बाईचे कानही डोळ्यांतच होते, तिच्या त्या डोळ्यावर पट्टी बांधायची म्हणजे तिला एका रात्रीपुरते जगाबाहेर नेऊन ठेवायचे. दत्तोपंतांनी आपल्या परीने समजावून पाहिले. त्यांनी स्वतःच्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि धीर देण्यासाठी ते हसले. पद्मजाबाईंना त्यातून एवढेच उमगले, की डोळा बंद होणार आहे आणि भावाला त्याचा आनंद झाला आहे. त्या आपल्या खोलीत जाऊन बसल्या.

दत्तोपंतांचा यात दोष नव्हता. पद्मजाबाईंची भाषा त्यांना येत नव्हती. ती कोणालाच येत नव्हती. मूकबधिरांच्या शाळेत त्या कधी गेल्या नाहीत. अक्षरओळख म्हणाल तर स्वतःची सही करण्यापुरती. वर्ध्याच्या घरातल्या ओसरीवर थोरल्या बहिणीने, मंदाकिनीने, त्यांच्याबरोबर खेळता खेळता हातांची एक भाषा रचली होती आणि दोघी वाढल्या तशी ती भाषाही वाढत गेली होती. तिच्यात वर्तमान होते, भूतकाळ होता, चहाड्या होत्या, नवस होते, शेजाऱ्यांच्या चालींच्या नकला होत्या. आई थोडीबहुत जाणत असे, ती गेली. आता त्या भाषेच्या जाणकार जगात दोघीच उरल्या होत्या: एक वर्ध्यात आणि एक रायपुरात.

मंदाकिनीबाई लग्न होऊन तात्यापाऱ्यात आल्या, तेव्हापासून पुष्कळ वर्षे त्यांची बोलणी सुट्टीपुरती साठून राहत. अलीकडे त्यांच्या मुलाने, शिशिरने, पुण्याहून आपला जुना लॅपटॉप आणून दिला आणि व्हिडिओ कॉल लावून दिला. तेव्हापासून रोज दुपारी, भांडी आवरली की, त्या लॅपटॉपसमोर बसत आणि घरात एक विलक्षण शांत गडबड सुरू होई. बांगड्या तेवढ्या वाजत. पद्मजाबाई दोन्ही हातांनी बराच वेळ काही सांगत, मंदाकिनीबाई खुदुखुदु हसत, आणि शेजारी वर्तमानपत्र वाचत बसलेल्या यजमानांनी विचारलेच तर सांगत, "बरी आहे म्हणते."

"एवढ्या मोठ्या वक्तव्याचा एवढाच अर्थ?"

"बाकीचं तुमच्याविषयी होतं जी."

हे यजमान म्हणजे नरहरराव. त्यांचे घराणे भोसल्यांच्या अमलापासून रायपुरातले. त्यांची स्वतःची नोकरी मात्र बरीचशी भोपाळला गेली आणि छत्तीसगड राज्य झाले तेव्हा ते फायलींच्या ट्रकाबरोबर आपल्या गावी परतले. नव्या राज्याचे मंत्रालय एका जुन्या इस्पितळाच्या इमारतीत बसले, तेव्हा वॉर्डातून खाटा निघाल्या आणि टेबले आली, ती मांडून घेण्यात नरहरराव होते. त्यानंतर नवे रायपूर उभे राहू लागले, तेलीबांध्याकडचा रस्ता रुंद झाला, मंत्रालय तिकडे गेले, आणि नरहरराव निवृत्त होऊन घरी आले. वादात हरल्याचे त्यांना फारसे दुःख होत नसे. वाद अर्धवट राहिला तर मात्र जेवण गोड लागत नसे.

न्हाणीघरात पाय घसरून मंदाकिनीबाईंचा घोटा मोडला नसता, तर त्या सरळ गाडीत बसून वर्ध्याला गेल्या असत्या. आता सगळी भिस्त लॅपटॉपवर होती. गुरुवारी दुपारी त्यांनी पट्टीचा विषय नुकताच काढला होता, आणि पडद्यावर पद्मजाबाईंचा चेहरा जागच्या जागी थिजला. मग पडदा निळा झाला आणि मग काळा. यंत्र पुन्हा सुरू केले की ते काही पावले चालल्यासारखे करी आणि पुन्हा बसकण मारी.

नरहररावांनी ते उचलून गोल बाजाराजवळच्या हिरालालच्या दुकानात नेले. हिरालालने ते उघडून पाहिले आणि सांगितले की यंत्र शाबूत आहे, ते चालवणारी आतली प्रणाली व्हायरसने खाल्ली आहे. तो तीच प्रणाली पुन्हा घालून देणार होता, चहा पिऊन होईपर्यंत. नरहररावांनी विचारले की हिची अधिकृत प्रत आहे का. हिरालाल हसला.

"काकाजी, लाइसेंस यहाँ कौन पूछता है? पूरे रायपुर में यही चल रही है।"

संपूर्ण रायपुरात चालते हे नरहररावांच्या लेखी समर्थन नव्हते, तो आरोप होता. चोरीची वस्तू घरात आणणार नाही, ती डोळ्यांना न दिसणारी असली तरी, असे त्यांनी हिंदीत आणि मग अधिक ठामपणे मराठीत सांगितले. हिरालालने शांतपणे उपाय सुचवला: मग लिनक्स नावाची प्रणाली टाका, ती फुकटही आहे आणि हलालही. एका मासिकाबरोबर आलेली तिची डीव्हीडी त्याच्याकडे पडून होती, तीही त्याने देऊन टाकली. मात्र स्वतः हात लावायला तो तयार नव्हता. एक तर ड्रायव्हरांची किटकिट, आणि दुसरे म्हणजे भिलाईला भाचीचे लग्न होते, तो आता सोमवारीच परतणार होता.

ड्रायव्हर म्हणजे काय, हे नरहररावांनी त्याच्याकडून समजून घेतले होते. प्रणाली म्हणजे नवे सरकार. पण कळफलक, आवाज, वाय-फाय, कॅमेरा हे जे यंत्राचे अवयव, त्यांना सरकारची भाषा समजत नाही. प्रत्येकाला एकेक दुभाषा नेमून द्यावा लागतो, तो ड्रायव्हर. हे नरहररावांना फार पटले. नवे सरकार बसवण्याचा त्यांना अनुभव होता.

शुक्रवारी सकाळी त्यांनी आंघोळ करून कामाला हात घातला. डीव्हीडीबरोबर आलेली मार्गदर्शिका त्यांनी प्रस्तावनेपासून वाचली, परवान्यासकट. मंदाकिनीबाईंनी आतून एकदा विचारले की झाले का, तेव्हा ते दुसऱ्या प्रकरणावर होते. त्या दिवशी त्यांनी एक प्रश्न मात्र झटक्यात सोडवला. जुनी प्रणाली शेजारी राहू द्यायची की सगळी पाटी पुसून टाकायची, असे यंत्राने विचारले. राज्य वेगळे झाले तेव्हा काही महिने त्यांच्या खात्यात भोपाळचा आदेश आणि रायपूरचा आदेश असे दोन्ही चालत, आणि बाबू लोक सोयीचा तेवढा पाळत. नरहररावांनी पाटी पुसण्याचे बटन दाबले. परतीचा रस्ता त्यांनी स्वतःच काढून टाकला होता, पण त्या वेळी ती त्यांना शिस्त वाटली.

नवी प्रणाली दुपारपर्यंत बसली. तिच्यात चीड आणणारे असे काही नव्हते. उलट ती नीटनेटकी होती आणि लवकर उठत होती. वाय-फाय मात्र दिसेना. त्याचा दुभाषा एका कंपनीचा, बंदिस्त, कोणाला आत डोकावू न देणारा असा होता, आणि मुक्त प्रणालीत असला पाहुणा घ्यावा की नाही यावर मार्गदर्शिकेतच दोन पाने वाद होता. नरहररावांना तो वाद अतिशय आवडला. त्यांचे मन पाहुणा न घेण्याच्या बाजूचे होते. पण पलंग आतल्या खोलीत होता आणि मोडेमची तार बाहेरच्या खोलीत संपत होती. त्यांनी तार जोडून तो दुभाषा उतरवून घेतला. तत्त्व बाहेरच्या खोलीत राहिले आणि वाय-फाय आतल्या खोलीत पोचले.

शनिवार आवाजात गेला. हेडफोन लावला की ऐकू येई, काढला की यंत्र मुके. नरहरराव यंत्रातल्या एकेका फायलीत शिरले, एक ओळ वाढवली, यंत्र बंद केले, सुरू केले, ती ओळ पुसली, दुसरी घातली. दुपारी ते जेवायला उठले तेही विचारातच उठले. मोलकरीण शांताबाई भात करून ठेवून गेली होती, तो त्यांनी आधी मंदाकिनीबाईंना वाढला आणि मग स्वतःचे पान घ्यायचे विसरून परत जाऊन बसले. उन्हे कलताना अखेर त्या डब्यातून एका बाईचा स्वच्छ इंग्रजी आवाज निघाला. ती सांगत होती की हा डावीकडचा आवाज आणि हा उजवीकडचा. दोन्हीकडचा खरोखर ज्याचा त्याचा निघत होता. नरहररावांनी मार्गदर्शिकेच्या समासात पेन्सिलीने खूण केली. कॅमेऱ्याचे काम त्यामानाने सोपे निघाले. तो चालू करताच त्याच्या शेजारचा बारीक दिवा लागला, आणि दिवा लागला म्हणजे कॅमेरा जागा झाला असे मार्गदर्शिकेतच लिहिले होते. तिथेही खूण झाली. पडद्यावर चित्र कसे येते हे पाहायला ते थांबले नाहीत. त्यांना ती इंग्रजी बाई आत नेऊन ऐकवायची घाई झाली होती.

मंदाकिनीबाईंनी डावीकडचा आवाज ऐकला, उजवीकडचा ऐकला, आणि कौतुकाने मान हलवली. मग काहीतरी आठवल्यासारखे त्यांनी विचारले, "काल-परवापासून तुमी हेच करून राहिले का?"

"आजचा संपूर्ण दिवस. फार चिवट निघाला हा ड्रायव्हर."

"पण पद्मीशी बोलायले आवाज काहून पाहिजे जी?"

नरहरराव लॅपटॉप हातात घेऊन उभे राहिले. बोलणे म्हणजे आवाज, ही व्याख्या त्यांनी कधी तपासून पाहिली नव्हती, आणि तीही अशा घरात, जिथे रोज दुपारी डोळ्यांसमोर तिचे खंडन चालत असे. मंदाकिनीबाईंना त्यांचा चेहरा पाहून दया आली. असू द्या, मी भजने ऐकीन, असे म्हणून त्यांनी त्यांना जेवून घ्यायला सांगितले. आपण जेवलो नाही हे त्यांना तेव्हा कळले.

त्या संध्याकाळी वर्ध्याला कॉल लावण्यात अर्थ नव्हता. दिवे लागले की पद्मजाबाईंना पडद्यावर नुसता पांढरा गोळा दिसे. त्यांना जे काही सांगायचे ते दिवसाउजेडी सांगावे लागे. सोमवारी सकाळी डॉक्टर यायचे. म्हणजे रविवारची दुपार, आणि थंडीच्या दिवसांतली दुपार ती केवढी.

रविवारी जेवणे आटोपली आणि नरहररावांनी कॉल लावला. चित्र झटकन उमटले. पद्मजाबाई खिडकीजवळच्या खुर्चीवर बसल्या होत्या, मागे दत्तोपंत आणि त्यांची पत्नी गोदावरी उभी होती. मंदाकिनीबाईंनी हात उचलले. पद्मजाबाईंनी पडद्याकडे निरखून पाहिले, मान एका खांद्यावर टाकली, मग दुसऱ्यावर, आणि त्या हसू लागल्या. मंदाकिनीबाई बोलू लागल्या तसे ते हसू ओसरले. त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या, त्या पडद्याच्या आणखी जवळ आल्या, आणि अखेर त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतले.

तेवढ्यात दत्तोपंतांचा आवाज आला, अतिशय स्पष्ट, उजवीकडून आणि डावीकडून सारखाच.

"ताई, तू उलटी दिसून राहिली. छताले टांगल्यावानी."

पडद्याच्या कोपऱ्यात स्वतःचे जे लहानसे चित्र दिसते, तिकडे आता कोठे दोघांचे लक्ष गेले. तिथे मंदाकिनीबाई खाली डोके वर पलंग अशा होत्या. हात वर केला की तो खाली जाई. सगळी भाषा तशीच्या तशी होती, फक्त पालथी. एका अधू डोळ्याने, पांढुरक्या पडद्याआडून, ती वाचणे कोणालाही शक्य नव्हते. मंदाकिनीबाईंनी दत्तोपंतांना सांगितले की तिला खिडकीपाशीच बसू दे, आम्ही परत लावतो.

नरहरराव लॅपटॉप घेऊन बाहेरच्या खोलीत गेले. रविवारचा बाजार बंद, हिरालाल भिलाईला. नवा कॅमेरा आज मिळणार नव्हता. सायबर कॅफेचा जिना असा होता, की प्लास्टरचा पाय तो चढणार नव्हता. उरली ती लिनक्स वापरणाऱ्यांची मंडळी, जी इंटरनेटवर भेटून एकमेकांना अडचणी विचारतात. नरहररावांनी तिथे आपला प्रश्न इंग्रजीत मांडला: आरंभी अभिवादन, मग यंत्राचा पूर्वेतिहास, मग प्रस्तुत अडचण, मग आगाऊ आभार. त्याला कोठूनसे कोणीतरी तीन ओळींत उत्तर दिले. या जातीच्या लॅपटॉपात कॅमेरा कारखान्यातच उलटा बसवलेला असतो. जुन्या प्रणालीचा ड्रायव्हर प्रत्येक चित्र उलटवून सरळ करीत असे, म्हणून कोणाला कळत नसे. खालची ओळ घालून पाहा.

नरहररावांनी ते उत्तर पुन्हा वाचले. इतके दिवस त्यांची बायको रोज उलटी टिपली जात होती, आणि मधला एक दुभाषा, कोणाचे आभार न घेता, तिला सुलटी करून वर्ध्याला पाठवत होता. त्या दुभाष्याला त्यांनी शुक्रवारी एका बटनासरशी पुसून टाकले होते.

त्यांनी सांगितलेली ओळ घातली. कॉलचा प्रोग्रॅम उघडण्याआधीच मिटला. त्यांनी तसे कळवले. उत्तर देणाऱ्याने विचारले की प्रणाली कितव्या आवृत्तीची, आणि जाता जाता लिहिले की हा दोष नव्हे, हे त्या यंत्राचे वैशिष्ट्य होय. नरहररावांची बोटे कळफलकावर गेली. जे माणसाला उलटे दाखवते त्याला वैशिष्ट्य म्हणणे हा भाषेवरचा अन्याय आहे, असे त्यांनी लिहायला घेतले. खिडकीतले ऊन भिंतीवर बरेच वर चढले होते. त्यांचे लक्ष तिकडे गेले, आणि आयुष्यात प्रथमच त्यांनी एक वाद पहिल्याच परिच्छेदात सोडून दिला.

आतून हाक आली, तेव्हा त्यांनी जाऊन कॅमेऱ्याची हकीकत सांगितली. मंदाकिनीबाई उशीला टेकून बसल्या होत्या.

"कॅमेरा उलटा आहे म्हणता न? मग लॅपटॉपच उलटा करा."

नरहररावांनी तत्काळ त्यातली चूक दाखवून दिली. यंत्र उलटे केले तर तू तिकडे सुलटी दिसशील हे खरे, पण पडदाही उलटा होईल. मग ती तुला उलटी दिसेल.

"दिसू द्या."

"आणि तिचे हात तू वाचणार कशी?"

 मग मंदाकिनीबाईंनी सांगितले ते नरहररावांना इतक्या वर्षांत ठाऊक नव्हते. वर्ध्याला दर रविवारी त्या पद्मजेच्या डोक्याला तेल लावून देत. पद्मजा त्यांच्या मांडीवर डोके टाकून उताणी पडे आणि आठवड्याचे सगळे तेव्हा सांगे. ताईचे हात केसांत गुंतलेले, म्हणून ताई बोलू शकत नसे. पद्मजा एकटीच बोले, आणि ताई वरून वाकून वाचत असे.

"लग्नापर्यंत तिचे हात मी उलटेच वाचले जी. तिले माहे हात उलटे वाचता येत नाही, मले तिचे येते."

नरहररावांनी मघाशी घातलेली ओळ पुसून टाकली. त्यांनी कॉल लावला, पद्मजाबाई दिसू लागताच लॅपटॉप पूर्ण उघडून पडद्याची वरची कड खाली आणि कळफलक वर येईल असा उलटा केला आणि पलंगावरच्या घडीच्या टेबलावर ठेवला. तो घसरू लागला. त्यांनी धावत जाऊन शब्दकोशाचे दोन खंड आणले, ज्या खंडांवर चहाचा कप ठेवलेला त्यांना खपत नसे, आणि दोन बाजूंनी टेकू म्हणून उभे केले. तरी वरचा भाग डुगडुगत होता. म्हणून ते स्वतः मागे उभे राहून दोन्ही हातांनी तो धरून राहिले.

पडद्याच्या वरच्या बाजूला पद्मजाबाईंची मांडी होती आणि तळाशी त्यांचे डोके. त्यांनी पाहिले, त्या ताठ बसल्या, आणि त्यांचे दोन्ही हात उघडले. या वेळी बहीण जागच्या जागी होती.

मग बोलणे झाले. नरहररावांना पडद्याची पाठ दिसत होती आणि बायकोचे हात दिसत होते. ते हात त्यांनी पूर्वी कधी असे समोरून, एवढा वेळ, पाहिले नव्हते. त्या हातांत पट्टी बांधली गेली, रात्र आली, चंद्र खिडकीतून गेला, सकाळ झाली, पट्टी सुटली. पुन्हा पट्टी, पुन्हा रात्र. मग मंदाकिनीबाईंनी गोदावरीला पुढे बोलावले, आणि इथे तो आवाज पुन्हा उपयोगी पडला. रात्रभर पद्मीचे मनगट धरून बसायचे. मधून मधून दाबायचे, म्हणजे मी इथेच आहे. करंगळी ओढली की उजाडत आले. हे सगळे त्यांनी गोदावरीला तोंडाने सांगितले, पद्मजेला हातांनी दाखवले, आणि मग दोघींकडून पडद्यासमोर करवून घेतले. पद्मजाबाईंनी डोळे मिटले. गोदावरीने मनगट दाबले. पद्मजाबाईंनी मान हलवली. करंगळी ओढली, त्यांनी डोळे उघडले. असे पुन्हा पुन्हा झाले, एखादे गाणे बसवावे तसे.

मध्येच मंदाकिनीबाई हसल्या.

"काय म्हणाली?" नरहररावांनी मागून विचारले.

"विचारते, मागून कोणाची बोटं दिसून राहिली."

नरहररावांनी मान बाजूला काढून पडद्यात डोकावले. तळाशी उलट्या असलेल्या पद्मजाबाईंनी त्यांना पाहिले आणि बहिणीकडे वळून खूण केली: तर्जनी हवेत दोनदा ठोकली, आणि मग नाकावरचा नसलेला चष्मा वर सारला. घसरलेला चष्मा सावरायला एक हात सोडल्यामुळे नरहररावांचे स्वतःचे एक बोट त्या वेळी चष्म्यापाशीच होते. त्यांना भाषांतराची गरज पडली नाही. त्या भाषेतला हा पहिला शब्द, जो त्यांना आपण होऊन कळला.

"हे माझे नाव आहे?"

"लग्न ठरलं तवापासून."

खोलीतला प्रकाश मंदावत होता.  पद्मजाबाईंनी हात कानांकडे नेले आणि कानांतल्या कुड्या एकेक करून काढल्या. नंतर बांगड्या. त्या सगळ्या त्यांनी गोदावरीच्या ओंजळीत ठेवल्या, कारण शस्त्रक्रियेच्या वेळी अंगावर दागिना चालत नाही हे डॉक्टरांच्या माणसाने आधीच खुणेने बजावले होते. दत्तोपंत खिशातला रुमाल काढून उगाच चष्मा पुसू लागले. मंदाकिनीबाईंनी आपले हात मांडीवर ठेवले. नरहररावांचे खांदे दुखत होते, पण खाली बसा असे कोणी म्हणेपर्यंत त्यांनी लॅपटॉप सोडला नाही.

सोमवारचा दिवस वाट पाहण्यात गेला. दत्तोपंतांचा फोन आला की सगळे नीट पार पडले आहे, पट्टी उद्या निघेल. नरहररावांना स्वस्थ बसवेना. त्यांनी मार्गदर्शिका पुन्हा उघडली आणि पडद्याच्या मांडणीचे जे प्रकरण अनावश्यक म्हणून शुक्रवारी एकदाच वाचले होते, ते लक्षपूर्वक वाचले. तिथे एक आज्ञा होती. ती टाइप केली की पडद्यावरचे सगळे चित्र उलटे होई. म्हणजे लॅपटॉप उलटा ठेवायचा आणि चित्रही उलटवायचे, की इकडे पद्मजा सुलटी आणि तिकडे मंदा सुलटी. दोन उलट्यांतून दोन्हीकडे सुलटे साधले होते. शांताबाई भांडी घासायला आली, तेव्हा त्यांनी तिला समोर बसवून चित्र तपासले, या वेळी डोळ्यांनी. लॅपटॉप उलटा कशाला ठेवला आहे हे तिला विचारायचे होते, पण साहेबांचा आनंद पाहून ती सरळ भांड्यांकडे वळली.

मंगळवारी दुपारी कॉल लागला. पद्मजाबाई काळा चष्मा लावून बसल्या होत्या, सरळ, डोके वर, मांडी खाली. त्यांनी बराच वेळ बहिणीकडे पाहिले आणि मग सावकाश काही सांगितले. मंदाकिनीबाईंनी ते नवऱ्याला मोठ्याने सांगितले, न गाळता: तुझे केस इतके पांढरे कधी झाले, मला कोणी सांगितले नाही. रात्री गोदावरीने मनगट सोडले नव्हते, हेही त्यांनी सांगितले. करंगळी मात्र तिने अंधार असतानाच ओढली, कारण तिलाच धीर निघेना.

थोडा वेळ दोघी बोलल्या. मग मंदाकिनीबाईंचे हात थांबले. त्यांनी नवऱ्याकडे पाहिले.

"ते परवासारखं करून देता का?"

"परवासारखे म्हणजे उलटे?" नरहररावांनी आपला उपाय समजावून सांगितला. आता कोणालाच काही उलटे दिसत नाही. तिला तू सुलटी, तुला ती सुलटी. यात आणखी काही सुधारण्यासारखे उरलेले नाही.

"हव जी, चांगलंच केलं तुमी," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "पण परवा तिचं डोकं इथं होतं."

आणि त्यांनी पडद्याच्या खालच्या कडेवर, आपल्या मांडीलगत, हात ठेवून दाखवला.

नरहररावांनी वाद घातला नाही असे नाही. कळफलकाकडे वाकता वाकता त्यांनी एवढे म्हणून घेतले, की ज्या चित्रासाठी त्यांनी सोमवार घालवला ते तांत्रिकदृष्ट्या निर्दोष आहे, आणि याची नोंद घरात कोणीतरी घ्यावी. मग त्यांनी ती आज्ञा मागे घेतली. पडदा एकदा लुकलुकला आणि पद्मजाबाई उलट्या झाल्या. त्यांचे डोके खाली आले, बहिणीच्या मांडीशी. तिकडे त्यांना यातले काही कळले नव्हते. त्या गोदावरीच्या करंगळीची हकीकत पुन्हा पहिल्यापासून सांगत होत्या, आणि मंदाकिनीबाई वाकून ती वाचत होत्या. त्यांचा एक हात पडद्याच्या तळाशी, केस होते तिथे, हळूहळू फिरत होता.